विलायतेची बॅरिस्टरी आणि गांवचें कोर्ट

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय मला कोणत्याहि ग्रंथांत सांपडला नाहीं. तो माझ्या ओटीवर चालून आला. मी शिरूर तालुक्यांतील न्हावरे या गांवचा. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारी सडक आमच्या गांवावरून जाते. जन्मभर मीं शाळेंत मुलांना इतिहास व गणित शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मात्र मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. तेव्हां कायद्याच्या शिक्षणाविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याचा मला हक्क नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. परंतु इतिहास वाचण्याची खोड मला आहे, आणि जुना विद्यार्थी अडचणींत असतां त्याला रिकाम्या हातीं परत पाठवूं नये, अशी माझी समजूत आहे.

गेल्या उन्हाळ्यांत असाच एक जुना विद्यार्थी संध्याकाळचा घरीं आला. त्याची मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली होती व वकील व्हावयाचें असें तिनें मनाशीं ठरविलें होतें. कोणी त्याला सांगितलें होतें कीं, मुलीला सरळ विलायतेस पाठवा; तीन वर्षांत पदवी मिळेल आणि जन्माचें कल्याण होईल. दुसऱ्या कोणी सांगितलें होतें कीं, इतका खर्च कशाला? घरबसल्या संगणकावर ऑनलाइन कायदा शिकतां येतो. पहिल्या मार्गासाठीं दोन एकर बागायत गहाण टाकावी लागणार होती. दुसऱ्या मार्गाला पैसा थोडा लागणार होता. पण त्याच्या शेवटीं काय हातीं पडणार, तें कोणी छातीठोकपणें सांगत नव्हतें. तो मला म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं आम्हांला इतिहास शिकविलात. यांत इतिहास काय म्हणतो तेवढें सांगा."

त्याच्याबरोबर ती मुलगीहि आली होती. ती कांहीं बोलली नाहीं. खांबाशीं उभी राहून ऐकत होती. मीं त्यांच्याकडे चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जें वाचलें व आठवलें, तेंच आज आपल्यापुढें ठेवतों.

'गहाण' हा शब्द आमच्या भागांत हलक्या कानानें ऐकला जात नाहीं. त्याला दीडशें वर्षांमागची आठवण चिकटलेली आहे. आमच्याच शिरूर तालुक्यांत करडे नांवाचें गांव आहे. १८७४ सालच्या अखेरीस तेथील एका सावकारानें कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बळावर गांवच्या देशमुखांचें घर व जमीन आपल्या कबजांत घेतली. गांवकऱ्यांस तें सहन झालें नाहीं, व त्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. ही ठिणगी आसपासच्या गांवीं पसरत गेली आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें या बाजाराच्या गांवीं तिचा भडका उडाला. इतिहासांत हेच दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत. दंगेखोरांचा मुख्य रोख होता तो सावकारांजवळच्या कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर. ते हिसकावून घ्यावयाचे आणि जाळून टाकावयाचे, हा त्यांचा क्रम होता.

सरकारनें या दंग्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्या चौकशींत जें दिसून आलें तें आजहि विचार करण्याजोगें आहे. सावकार दावा लावी. कुळाला कोर्टाची पायरी ठाऊक नसे. रोख्यावर काय लिहिलें आहे तें त्याला वाचतां येत नसे. त्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नसे. पुष्कळदां तो कोर्टांत जातच नसे आणि त्याच्या गैरहजेरींत निकाल लागे. या चौकशीचें फळ म्हणून १८७९ सालीं 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' हा कायदा झाला आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला गेला. कोर्टानें केवळ रोख्यावरचा आंकडा पाहून थांबूं नये, मुळांतला व्यवहार काय होता तें तपासावें, हें त्यांतलें एक महत्त्वाचें कलम होतें. मीं हें एवढ्यासाठीं सांगितलें कीं, आमच्या खेड्यांतल्या माणसाला 'वकील' या शब्दाचा अर्थ तेव्हां समजला. जेथें आपल्याला बोलतां येत नाहीं तेथें आपल्यासाठीं उभा राहणारा मनुष्य, तो वकील. पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व या 'उभें राहण्या'शीं निगडित आहे.

त्याच काळांत पुण्यास असा एक वकील होता, कीं ज्यानें विलायत पाहिली नव्हती व कायद्याचें कॉलेजहि पाहिलें नव्हतें. गणेश वासुदेव जोशी हें त्यांचें नांव. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. ते मूळचे सातारचे. पुण्यास सरकारी कचेरींत कारकुनी करीत होते. नोकरी करतां करतां स्वतः अभ्यास करून त्यांनीं वकिलीची परीक्षा दिली व सनद मिळविली. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली ती मुख्यत्वें त्यांच्या खटपटीनें. रयतेची स्थिति काय आहे याची गांवोगांव पाहणी या सभेनें दंग्यांच्या आधींच सुरू केली होती. पुढें १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यांत राजद्रोहाचा खटला चालला. अशा आरोपीचें वकीलपत्र घेणें म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणें होतें. काकांनीं तें घेतलें. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली व ते एडनला पाठविले गेले. तेथेंच १८८३ सालीं त्यांचा अंत झाला. म्हणजे काकांना यश आलें नाहीं. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत फडके एकटे राहिले नाहींत, ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हां घरीं अभ्यास करून मनुष्य वकील होऊं शकतो काय, या प्रश्नाला इतिहासाचें उत्तर 'होय' असें आहे. मात्र एक अट तेव्हांहि होती व आजहि आहे. घरच्या अभ्यासाला सनदेची जोड मिळाली पाहिजे. काकांच्या काळीं परीक्षा देणाऱ्यानें कोठें बसून अभ्यास केला, हें सरकार विचारीत नव्हतें; परीक्षा उतरला कीं त्याला सनद मिळे. आज परिस्थिति निराळी आहे. तिच्याकडे मी शेवटीं वळेन.

आतां विलायतेकडे वळूं. १८६२ सालीं मुंबईस हायकोर्ट स्थापन झालें. तेथें निरनिराळ्या पायऱ्यांचे कायदेपंडित असत. कोणी वकील, कोणी सॉलिसिटर, आणि सर्वांच्या वर मानाचा तो विलायतेहून आलेला बॅरिस्टर. आरंभीं हे सारे बॅरिस्टर गोरेच होते. १८६७ सालीं बद्रुद्दीन तय्यबजी लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या कोर्टांत पहिला हिंदी बॅरिस्टर उभा राहिला. तेव्हांपासून आपल्याकडील सुखवस्तु घरांत 'मुलाला बॅरिस्टर करावयाचें' या वाक्यानें घर करावयास सुरुवात केली.

बॅरिस्टर होण्याची रीत मोठी गमतीची होती. लंडनमध्यें इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन व ग्रेज इन अशा कायदेपंडितांच्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांपैकीं एकींत नांव दाखल करावयाचें, बारा टर्म भरावयाच्या व परीक्षा द्यावयाच्या. टर्म भरणें म्हणजे वर्गांत बसणें नव्हे, तर त्या संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवावयास हजर राहणें. गांधीजी १८८८ सालीं इनर टेंपलमध्यें दाखल झाले, तेव्हां एका टर्ममध्यें सुमारें चोवीस भोजनें असत व त्यांपैकीं निदान सहांना हजेरी लावावी लागे. त्यांच्यासारख्या शाकाहारी माणसाला तेथें पाव, बटाटे व कोबी यांवर भूक भागवावी लागे. १० जून १८९१ रोजीं ते बॅरिस्टर झाले, ११ जूनला त्यांनीं हायकोर्टांत नांव नोंदविलें आणि १२ जूनला ते परतीच्या बोटींत बसले.

पुढची हकीकत गांधीजींनीं स्वतःच आत्मचरित्रांत प्रांजळपणें सांगितली आहे. मुंबईस त्यांना पहिला दावा मिळाला तो स्मॉल कॉज कोर्टांतला. फी ठरली तीस रुपये. उलटतपासणीस ते उभे राहिले मात्र, आणि त्यांचें डोकें भिरभिरूं लागलें. एक प्रश्नहि सुचेना. ते खालीं बसले व फी परत करून बाहेर पडले. खर्च तर चालूच होता. तेव्हां एका शाळेंत रोज एक तास इंग्रजी शिकविण्यासाठीं मास्तर पाहिजे, पगार ७५ रुपये, अशी जाहिरात पाहून त्यांनीं अर्ज केला. भेटीस बोलावणें आलें. पण हे पदवीधर नाहींत असें कळतांच शाळेनें त्यांस नकार दिला. लंडनची मॅट्रिक ते उत्तीर्ण झाले होते. ती तेथें पुरली नाहीं. मी स्वतः मॅट्रिक असून जन्मभर मास्तर होऊं शकलों, आणि विलायतेचा बॅरिस्टर मॅट्रिक असून होऊं शकला नाहीं, हें वाचतांना मला हंसूं येतें व थोडें वाईटहि वाटतें. अखेर गांधीजी राजकोटास जाऊन अर्ज लिहून देण्याचें काम करूं लागले. त्यांत त्यांना महिना सुमारें तीनशें रुपये मिळूं लागले. १८९३ सालीं एका व्यापारी पेढीच्या कामासाठीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. खरी वकिली त्यांना तेथें सांपडली, कारण त्यांनीं उभें राहावें अशी गरज असलेलीं माणसें तेथें होतीं.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतल्याच एका बाईंचें आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिकास झाला. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत झालें. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेंत त्यांनीं इतकें यश मिळविलें कीं, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांच्या हक्काची होती. पण ती मुलांसाठीं आहे, मुलीसाठीं नाहीं, असें सांगून नाकारण्यांत आली. इंग्लंडांतील हितचिंतकांनीं पैसा जमविला आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ सालीं कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. असें करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या वेळीं स्त्रियांना पदवी देत नव्हतें; म्हणजे परीक्षा उत्तीर्ण आणि पदवी मात्र नाहीं! परत आल्यावर मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाहि झाली. परंतु स्त्रीला कोर्टांत उभें राहण्याची परवानगी मिळेना. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें पडदानशीन स्त्रियांची कायदेशीर सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि तेथें त्यांनीं शेकडों अनाथ व विधवा स्त्रियांचीं प्रकरणें मार्गीं लावलीं. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आपल्या देशांत १९२३ सालीं झाला. ऑक्सफर्डची परीक्षा होऊन तेव्हां एकतीस वर्षें उलटलीं होतीं. त्याच वर्षीं मिठन टाटा, ज्या पुढें मिठन लाम या नांवानें प्रसिद्ध झाल्या, त्या बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टांत उभ्या राहिल्या. कॉर्नेलियाबाईंजवळ विद्या होती, कागद होता. उणीव होती ती फक्त उभें राहण्याच्या परवानगीची. तेवढ्या एका उणिवेपायीं त्यांचें ऐन उमेदीचें वय निघून गेलें.

तिसरें उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें. तें मी सविस्तर सांगणार आहें, कारण विलायतेच्या शिक्षणाचें मोल व त्याची मर्यादा हीं दोन्ही त्यांत एकत्र पाहावयास मिळतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील अभ्यास आटोपून १९१६ सालीं ते लंडनला आले आणि ग्रेज इनमध्यें कायद्यासाठीं व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अर्थशास्त्रासाठीं दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथें एवढ्या विद्वान् माणसाला जातीमुळें राहावयास जागा मिळाली नाहीं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत त्यांनीं १९१८ पासून प्रोफेसरी केली व पगारांतून पै पै शिल्लक टाकली. त्यांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीची व नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या पांच हजार रुपयांच्या कर्जाची भर पडली. १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. अर्धपोटीं राहून, दिवसभर ग्रंथालयांत बसून त्यांनीं दोन्ही अभ्यास पुरे केले. १९२२ सालीं ग्रेज इननें त्यांस बॅरिस्टरीची पदवी दिली, आणि १९२३ सालीं ते मुंबईस परत आले.

कर्ज काढून विलायतेस जाणारा विद्यार्थी म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला जवळची आहे. परत आल्यावर हायकोर्टांत नांव नोंदविण्यासाठीं लागणारा पैसाहि त्यांच्याजवळ नव्हता. तोहि भथेना यांनींच दिला. नांव नोंदविलें, पण कामें येईनात. बॅरिस्टराला काम मिळावयाचें तें सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम देण्यास सॉलिसिटर धजत नसत. विलायतेच्या पदवीनें कोर्टाचें दार उघडलें होतें. परंतु दारांतून आंत आलेल्या माणसाला बसावयास पाट कोणी देत नव्हतें. १९२५ पासून तीन वर्षें त्यांनीं हिशेबनीसांच्या एका खासगी संस्थेंत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. १९२८ सालीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत ते प्रोफेसर झाले व १९३५ सालीं त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल. म्हणजे बॅरिस्टरीच्या पहिल्या वर्षांत त्यांना शिक्षकी पेशानें तारलें, हें मला मास्तर या नात्यानें अभिमानानें सांगावेंसें वाटतें.

दरम्यान त्यांच्या उभें राहण्याची गरज असलेले लोक त्यांच्याकडे येऊं लागले. १९२६ सालीं पुण्यांत 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल खटला झाला. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर व केशवराव बागडे हे त्यांत सांपडले होते. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली व ते सुटले. नंतर महाडचें चवदार तळें आलें. २० मार्च १९२७ रोजीं त्यांनीं आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी घेतलें. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा होता. तेवढ्यांत प्रतिपक्षानें महाडच्या कोर्टांत दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारों माणसें जमलेलीं, मनें तापलेलीं. तरी आंबेडकरांनीं कोर्टाचा हुकूम पाळला व तळ्याकडील सत्याग्रह स्थगित केला. मग दावा चालला : महाडचें कोर्ट, त्यावर ठाण्याचें कोर्ट, त्यावर मुंबईचें हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट प्रतिपक्षाला सिद्ध करतां आली नाहीं, असें त्या निकालानें ठरलें. एका तळ्याच्या पाण्यासाठीं जवळजवळ दहा वर्षें! ज्या बॅरिस्टराला पहिल्या वर्षांत काम मिळत नव्हतें, त्यानें हीं दहा वर्षें धीर सोडला नाहीं. बारा टर्मांची भोजनें जेवून हें बळ येत नाहीं. तें दुसरीकडून यावें लागतें.

तथापि यावरून विलायतेचें शिक्षण व्यर्थ होय, असा अर्थ कोणी काढूं नये. तसा काढला तर आपण इतिहासाशीं बेइमान होऊं. ज्याला स्वदेशांत प्रत्येक दार बंद होतें, त्याला ग्रेज इनच्या सनदेनें असें एक दार उघडून दिलें कीं, तें कोणाला बंद करतां येईना. तेथील ग्रंथालयांतील तपश्चर्या त्यांना पुढें राज्यघटनेच्या कामीं उपयोगीं पडली, हें सर्वश्रुतच आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, विलायतेची पदवी ही किल्ली आहे. किल्ली करण्यापूर्वीं आपलें कुलूप कोठलें आहे तें पाहून घ्यावें.

आतां आजच्या परिस्थितीकडे येतों, कारण येथेंच पुष्कळ कुटुंबांची फसगत होते. स्वातंत्र्यानंतर १९६१ सालीं ॲडव्होकेट्स ॲक्ट झाला; वकील, प्लीडर, बॅरिस्टर हे सारे भेद जाऊन 'ॲडव्होकेट' ही एकच जात राहिली. विलायतेची बॅरिस्टरी एवढ्यावरच सनद मिळण्याची सवलतहि त्याच कायद्यानें ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत झालेल्या बॅरिस्टरांपुरती राखली. त्यानंतर बॅरिस्टर हें नांव आपल्याकडे मानाचें राहिलें, हक्काचें राहिलें नाहीं. आज परदेशाच्या कायद्याच्या पदवीवर येथें वकिली करावयाची, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियानें मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते. शिवाय ती पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पांच वर्षांचा अभ्यास करून मिळालेली असावी, असा नियम आहे. आणि त्यावर कौन्सिलची पात्रता परीक्षाहि द्यावी लागते. बारावीनंतर सरळ जाऊन तीन वर्षांत घेतलेली पदवी या मापांत बसत नाहीं, व मग मुलांना अडचण येते. माझ्या विद्यार्थ्याला जो मार्ग सुचविला होता, तो नेमका हाच.

ऑनलाइन अभ्यासाचें तर याहून स्पष्ट आहे. घरबसल्या किंवा पत्रद्वारा मिळविलेल्या कायद्याच्या पदवीवर आपल्या देशांत सनद मिळत नाहीं. मान्य कॉलेजांत नियमित हजेरी पाहिजे, आणि ती निदान शेंकडा सत्तर. त्यानंतर २०१० सालापासून ऑल इंडिया बार परीक्षाहि लागू झाली आहे. दुरून शिकण्याची कल्पना मुळांत कमी दर्जाची आहे असें मी म्हणत नाहीं. लंडन विद्यापीठानें १८५८ सालापासून जगांतल्या कोणाहि विद्यार्थ्याला आपल्या परीक्षांचीं दारें उघडीं केलीं. नेल्सन मंडेला यांनीं तर तुरुंगांत असतां पत्रद्वारा अभ्यास करून १९८९ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठाची एलएल.बी. मिळविली. विद्या घरबसल्या येऊं शकते. सनद मात्र येत नाहीं. ज्याला हिशेबाची, जमिनीची, सहकारी संस्थेची कामें करावयाचीं आहेत व त्यासाठीं कायद्याचें ज्ञान हवें आहे, त्यानें ऑनलाइन वर्ग खुशाल करावा. पण 'वकील होशील' असें कोणी सांगत असेल, तर सनद कोण देणार, हा एक प्रश्न त्याला अवश्य विचारावा.

परदेशांतच राहून वकिली करावयाची असेल, तर तोहि मार्ग आहे. पण त्या देशाचे नियम निराळे. इंग्लंडांत सॉलिसिटर होण्यासाठीं २०२१ सालापासून नवी परीक्षा सुरू झाली आहे, व तिच्याबरोबर दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पदवीच्या खर्चाबरोबर या वर्षांचाहि हिशेब घरानें आधींच मांडला पाहिजे. येथें परत येऊन न्यायाधीश व्हावें, असें कोणाच्या मनांत असेल, तर त्यालाहि आतां वाट पाहावी लागते. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं तीन वर्षें वकिली केलेली असावी. कायद्याच्या पदवीधरांना कंपन्यांत, बँकांत, लवादाच्या कामांत, अध्यापनांत जागा आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं कामांत परदेशच्या एका वर्षाच्या एलएल.एम. पदवीचा उपयोगहि होतो. पण ती वरची माडी झाली. पाया येथल्या सनदेचा घातलेला असेल, तर माडीला अर्थ आहे.

चार दिवसांनीं तो विद्यार्थी व त्याची मुलगी पुन्हां आलीं. मीं त्यांना या सर्व गोष्टी आपल्याला सांगितल्या तशाच सांगितल्या. गांधीजींच्या पहिल्या दाव्याच्या वेळीं मुलगी हंसली. कॉर्नेलियाबाईंच्या एकतीस वर्षांच्या वेळीं मात्र ती गंभीर झाली. माझें बोलणें संपल्यावर बाप कांहीं बोलण्यापूर्वीं तीच म्हणाली, "म्हणजे गुरुजी, मला आधीं हें ठरवायला हवं कीं मी उभी कुठं राहणार." श्रोतेहो, चार दिवस वाचून मला जें सांगावयाचें होतें, तें त्या मुलीनें एका वाक्यांत सांगितलें. मीं तिला विचारलें, "मग कोठें उभी राहणार?" ती म्हणाली, "पहिल्यांदा शिरूरच्या कोर्टांत. आमच्या आळींत तीन घरांचे बांधावरून दावे चालू आहेत, आणि दर तारखेला आज्जी विचारते कीं आज कोर्टांत काय झालं. तिला कोणी सांगत नाहीं."

त्या उत्तरानंतर बागायत गहाण टाकण्याचा प्रश्न राहिला नाहीं. मुलीनें पांच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा दिली व ती पुण्याच्या एका लॉ कॉलेजांत दाखल झाली. सनद हातीं आल्यावर, दोनचार वर्षें कोर्टांत उभें राहिल्यावर, तिला परदेशीं जाऊन आणखी शिकावेंसें वाटलें तर तिनें अवश्य जावें. तेव्हां ती स्वतःच्या कमाईच्या आधारानें जाईल, आणि काय शिकावयाचें तें तिला ठाऊक असेल. बापाला मीं एवढेंच बजावलें कीं, जो पैसा विलायतेसाठीं उभा करणार होतास, त्याचा थोडा भाग सनदेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांसाठीं राखून ठेव. गांधीजींना व आंबेडकरांना जीं वर्षें जड गेलीं, तीं तुझ्या मुलीलाहि हलकीं जाणार नाहींत.

१८७५ सालीं आमच्या भागांतल्या माणसानें कागद जाळला, कारण त्या कागदाशीं कायद्यानें झगडणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता. आज त्याच भागांतली मुलगी कागद वाचावयास शिकत आहे. आपल्याहि घरीं असा प्रश्न आला असेल, तर मुलामुलींना प्रथम हेंच विचारा, कीं बाळ, तूं कोणासाठीं आणि कोठें उभें राहणार? त्याचें उत्तर मिळालें म्हणजे कॉलेज येथलें कीं तेथलें, हें ठरविणें फारसें कठीण जात नाहीं.